गुप्ततेच्या पोटी संशय

पहाटे गावच्या वेशीवर प्रेत पडलेले असावे आणि त्याच्याजवळ ‘पोलिसांचा खबऱ्या’ एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी असावी, हे दृश्य गडचिरोली जिल्ह्याने गेल्या चार दशकांत किती वेळा पाहिले! आरोप कोणी केला, पुरावा कोणी तपासला, मरणाऱ्याला आपली बाजू मांडू दिली काय, हे विचारण्याची सोय नव्हती. पोलिसांनाही आपला खबऱ्या कोण हे उघड करायचे नसते. त्यामुळे मेलेला माणूस खरोखर खबऱ्या होता की नव्हता, हे त्याच्या बायकामुलांनाही कळत नाही. दोन गुप्ततांच्या मध्ये तो आदिवासी मरतो, आणि त्याचे प्रेत उचलणारे गाव पुढे आपापसांतही जपून बोलू लागते.

हे हिंसेचे पाप आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते त्याच्या मुळाशी संघटनेचा एक नियम आहे. १९८० मध्ये पीपल्स वॉरची पथके आंध्रातून तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात शिरली (गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ मध्ये). दलमचा शिरस्ता असा की, ज्याला कामापुरते जेवढे लागेल तेवढेच त्याने जाणावे. नाव टोपण, आणि वरचा निर्णय कोणी व का घेतला हे विचारायचे नाही. मागे पोलीस लागलेल्या तुकडीला याखेरीज गत्यंतर नसते, हे मान्य करू. परंतु गुप्तता शत्रूपाशी थांबत नाही. ज्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा तो केवळ आदेश म्हणून. आणि आदेशाने दिलेला विश्वास आदेशानेच एका रात्रीत काढून घेता येतो.

२०२५ मध्ये हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. माओवादी पक्षाचा ‘अभय’ नामक प्रवक्ता सशस्त्र लढा थांबवण्याची तयारी दाखवणारे पत्रक काढतो. ते सप्टेंबरमध्ये वृत्तपत्रांतून फिरते, आणि लगोलग त्याच पक्षाची तेलंगण समिती सांगते की हा पक्षाचा निर्णय नव्हे, एका व्यक्तीचे मत आहे. जंगलातल्या साध्या सैनिकाने काय समजावे? कोणत्या बैठकीत काय ठरले हे पाहण्याचे साधन त्याच्या हाती नाही. पक्षाचे म्हणणे त्याला कळते ते टोपणनावाखालच्या कागदातून, आणि आता एक कागद दुसऱ्याला खोटा ठरवतो. ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आले. ‘अभय’ या नावामागे तेच होते. चार दशके ज्यांच्याबरोबर काढली त्या पक्षाने त्यांना गद्दार ठरवले. त्यांचे बरोबर की पक्षाचे, हा वाद येथे नाही. एवढ्या मोठ्या मतभेदाची चर्चा सामान्य सभासदासमोर एकदाही होऊ शकली नाही, हे मला अधिक भयंकर वाटते.

या बाबतीत आपणही सोवळे नाही. १९४२ च्या भूमिगत लढ्याच्या कथा ऐकत आपल्यातील अनेक जण वाढले. १९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला, तो अच्युतराव पटवर्धन आणि अरुणा असफ अली यांनी मानला नाही. दोघेही १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. त्यांच्या साहसाला नमस्कार. पण गांधीजींचा विरोध भित्रेपणाचा नव्हता. लपून केलेल्या कामात सामान्य माणूस सहभागी होऊ शकत नाही, तो फक्त आश्रय देऊ शकतो, हे त्या म्हाताऱ्याने ओळखले होते, असे मला आता वाटते.

त्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) आहे. जेमतेम पाचशे वस्तीचे हे गोंडांचे गाव निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. गावाचा वेगळा अभ्यासगट आहे, तेथे बाहेरचा माणूसही येऊन वाद घालू शकतो, पण निर्णय ग्रामसभेचाच. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत अनेक वर्षे चिकाटीने जोपासली. २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबूचा पैसा आला म्हणजे संशयाला कारणही आले. पण हिशेब विचारणे तेथे अपमान समजला जात नाही. ही पद्धत वेळखाऊ आहे, कधी कंटाळवाणीही असेल. परंतु तेथे कोणाला गद्दार ठरवण्यासाठी आधी सर्वांसमोर त्याचे म्हणणे ऐकावे लागते.

फुटण्याच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही, हे खरेच. तरी पूर्वी आपण फुटलो ते अधिवेशनात, भाषणे करून. अलीकडे निवडणुकीतील समझोते दोघातिघांत ठरतात आणि तालुक्याच्या कार्यकर्त्याला ते वृत्तपत्रातून कळतात. ‘डावपेच उघड करायचे नसतात’ हे उत्तर मी स्वतः तीनदा ऐकले आहे, आणि एकदा, लाज वाटते, मीच दिलेही आहे. पुढच्या जिल्हा बैठकीत मी गेल्या दोन वर्षांच्या इतिवृत्ताची वही टेबलावर मागणार आहे. ज्या साथींना ती पाहायची असेल त्यांनी अवश्य यावे.