सोळा तासांची एकादशी

गेल्या काही वर्षांत एकादशीच्या कीर्तनात एक नवा दृष्टान्त रूढ झाला आहे. निरूपण व्रताच्या माहात्म्यावर आले की बुवा क्षणभर थांबतात, उपरणे सावरतात आणि विचारतात, "जपानच्या एका शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले ते कशाबद्दल, माउली? आपल्या एकादशीबद्दल!" टाळ्या पडतात. मग पुढची पायरी येते. महिन्यातून दोनदा कशाला, रोज १६ तास पोट रिकामे ठेवा आणि उरलेल्या ८ तासांतच काय ते खा. त्या ८ तासांतही भाकरी, पोळी, भात टाळा. डाळ, पनीर, शेंगदाणे, तूप खा. साखर उतरेल, गुडघे हलके होतील, गोळ्या सुटतील. शेवटी ठरलेला शेरा असतो की आपल्या संतांनी हे सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

मी चाळीसहून अधिक वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. आता गुडघ्यांनी रजा दिली म्हणून श्रोत्यांत बसतो. बसलेल्याला उभ्या असलेल्यापेक्षा जास्त ऐकू येते. तेव्हा या दृष्टान्ताविषयी मला जे वाटते ते स्पष्टच लिहितो. हा दृष्टान्त खोटा आहे, एकादशीला उणेपणा आणणारा आहे, आणि काही श्रोत्यांच्या जिवावर बेतणारा आहे.

आधी नोबेलचे पाहू. योशिनोरी ओसुमी नावाच्या जपानी शास्त्रज्ञांना २०१६ साली ते पारितोषिक मिळाले, एवढे खरे. पण त्यांनी अभ्यासले ते पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट. त्या सूक्ष्म पेशीला अन्नापासून तोडले म्हणजे ती आपल्याच आतला टाकाऊ भाग मोडून कशी वापरते आणि त्यामागे कोणती जनुके काम करतात, हे त्यांनी शोधले. काम मोठे आहे. त्यात एकादशी नाही, पंढरी नाही, १६ तासही नाहीत. यीस्टच्या पेशीने केलेला उपवास वारकऱ्याच्या नावावर जमा करणे हे कीर्तनाच्या गादीला शोभत नाही. आम्हांला गुरुजींनी शिकवले होते की प्रमाण देताना अभंगातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी दोष लागतो. मग मोबाइलवर आलेल्या निरोपाला तो नियम का नसावा?

पूर्वपक्ष मात्र नीट मांडला पाहिजे, नाही तर खंडनाला अर्थ नाही. पूर्वपक्षी म्हणतो, आपल्या ताटात पिष्ट फार झाले आहे. हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. डोंगराएवढा भात, त्यावर पातळ वरण, बाजूला बटाट्याची भाजी आणि तोंडी लावायला पुन्हा पापड, असे जेवण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने जेवले तर ते कुठे जायचे? भारतात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत आहे. भात-पोळी कमी करून डाळ-उसळ वाढवा, हे डॉक्टर सांगतात ते ऐकावे. दिवसभर चरणेही बंद करावे. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेला दोनच वेळा जेवण्याचा मार्ग पुष्कळांनी धरला. दोघेही वैद्यक शिकलेले. त्यांच्या मार्गाची चर्चा वैद्यकातल्या माणसांनी करावी, माझा तो अधिकार नाही.

पिष्ट सोडून वजन उतरवण्याची युक्तीही आपल्या संतांची नव्हे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा, अंत्यविधीची व्यवस्था करणारा गृहस्थ होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे आणि बीअर सोडली, वजन उतरले, आणि १८६३ साली त्याने त्यावर पुस्तिका काढली. ज्यांना पिष्ट सोडायचे आहे त्यांनी बँटिंगचे नाव घ्यावे. माउलींचे कशाला?

आता आपल्या एकादशीच्या ताटाकडे या. बुवा वर सांगतात की एकादशी म्हणजे पिष्ट सोडणे, आणि खाली मंडपामागे साबुदाण्याची कढई चढलेली असते! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर तेच, प्रथिने नावालाही नाहीत. ज्वारीच्या भाकरीत पिष्ट आहे, पण सोबत चोथा आहे, प्रथिने आहेत. म्हणजे साखरेच्या हिशेबाने एकादशीची खिचडी दशमीच्या भाकरीहून वाईट. त्यात बटाटा, रताळे, वर राजगिऱ्याचा गुळातला लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडली नाही. आणि हा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, तो बटाटा, ते रताळे, तो शेंगदाणा, ती हिरवी मिरची, सारे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आले. ज्ञानेश्वरी १२९० सालची. माउलींच्या काळी यांतले एकही इथे नव्हते. साबुदाणा खाऊ नये असे मी म्हणत नाही, मीही खातो. पण तो खाऊन वर 'लो-कार्ब' म्हणू नये.

खरा मुद्दा याच्या पुढे आहे. एकादशीचे अर्धे अंग उपवास आणि अर्धे अंग हरिजागर. दशमीला एकभुक्त राहायचे, एकादशीला निराहार किंवा फराळ, रात्रभर भजन, आणि द्वादशीला पहाटे स्नान-पूजा करून बारस सोडायची. तीही घड्याळाच्या १६ तासांवर नव्हे, तिथीवर. द्वादशीचा पहिला चतुर्थांश हरिवासर, त्यात पारणे नाही. आता जे आरोग्यासाठी एकादशी करायला सांगतात त्यांना मी विचारतो, जागराचे काय केलेत? सगळे डॉक्टर एकमुखाने सांगतात की रात्री सात-आठ तास झोपा, जागरणाने साखर वाढते. म्हणजे आरोग्याच्या कसोटीवर निम्मी एकादशी नापास. म्हणून तुम्ही जागर गुपचूप गाळलात आणि भूक तेवढी ठेवलीत. भजन नसलेली भूक म्हणजे एकादशी नव्हे, तिला नुसते उपाशी राहणे म्हणतात.

दुसरे असे की संशोधन आज एक सांगते, उद्या तपासून दुसरे सांगते. त्यात संशोधनाचा दोष नाही, त्याची रीतच ती. चीनमध्ये ग्वांगझू येथे १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखेच कमी खायला सांगितले. एका गटाने ते सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खायचे, दुसऱ्याला वेळेचे बंधन नाही. वर्षाअखेर दोघांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आता ज्याने एकादशी फायद्यासाठी धरली होती त्याने काय करायचे? सोडायची? तुकोबारायांनी एकादशीला अन्न घेणाऱ्याविषयी किती कडक शब्द वापरले ते वारकऱ्याला सांगायला नको. त्या शब्दांत वजनाचा आणि साखरेचा उल्लेख कुठे आहे? व्रत हे देवाशी केलेले बोलणे आहे. त्याला फायद्याचा टेकू दिला की टेकू निघाल्याबरोबर ते कोसळते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. दुसऱ्या अध्यायात त्याहून बारीक गोष्ट आहे: निराहार राहिल्याने विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत तशीच राहते. हे रोज १६ तास मोजणारे लोक मी पाहतो. दर तासाला घड्याळ, दर सकाळी वजनकाटा, दर घासाला किती ग्रॅम. अन्न सुटले म्हणता, आणि चोवीस तास चिंतन अन्नाचेच! पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो आणि माणूस हुरळतो. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी बांधलेले असते. पिष्ट बंद केले की तो साठा संपतो आणि पाणीही जाते. पहिल्या आठवड्यातला बराचसा उतार या पाण्याचाच.

आता जिवावर बेतण्याविषयी. मागल्या माघात आमच्या पंचक्रोशीतल्या एका सप्ताहातली गोष्ट. साठीचे एक टाळकरी, मधुमेहाची गोळी बरीच वर्षे चालू. आदल्या रात्री कीर्तनात त्यांनी हेच ऐकले आणि श्रद्धेने मानले. संध्याकाळी सहाला नुसती आमटी आणि पालेभाजी घेतली, भाकरीला हात लावला नाही, दुसऱ्या दिवशी दहापर्यंत काही खायचे नाही असे ठरवले. सकाळी सातची गोळी मात्र नेमाने घेतली, कारण ती सोडा असे बुवांनी सांगितले नव्हते. आठ वाजता पारायणाला बसले. वाचता वाचता स्वर अडखळला, हात कापू लागले, अंगाला घाम सुटला, नजर थिजली. शेजारच्यांना वाटले अष्टसात्त्विक भाव दाटले. एकाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले! बायकांच्या बाजूला बसलेल्या आशाताई उठून आल्या म्हणून बरे. गृहस्थांना अजून गिळता येत होते. तिने साखरेचे पाणी पाजले, दहा मिनिटांनी ते माणसांत आले, मग दवाखान्यात नेले.

माझा पुतण्या डॉक्टर आहे, त्याला मी विचारले. तो म्हणाला, "काका, नुसता लांब उपवास केला तर शरीर सांभाळून घेते. नुसती भाकरी कमी केली तरी घेते. पण दोन्ही एकदम केले आणि गोळी तीच ठेवली, तर सांभाळायला मागे काही उरत नाही." ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. इन्सुलिनची सुई घेणाऱ्याचेही तेच. साखर ७० च्या खाली गेली की हात कापतात, घाम येतो, आणखी उतरली की शुद्ध जाते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांचा प्रकार याहून फसवा. त्या घेत असताना उपाशी राहिले आणि पिष्टही तोडले तर रक्तात आम्ल वाढू शकते, आणि घरच्या यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. उलट्या होतात, दम लागतो, आणि घरचे म्हणतात पित्त झाले असेल. डॉक्टर असा आहार देतात तेव्हा आधी गोळ्यांचे माप बदलतात, रक्त तपासत राहतात. गादीवरून हजार माणसांना एकच पथ्य सांगणाऱ्या बुवांना समोर कोण कोणती गोळी घेऊन बसला आहे हे कसे कळणार?

आपले धर्मशास्त्र या बाबतीत आजच्या बुवांपेक्षा कितीतरी सावध होते. एकादशीच्या उपवासाला वयाची मर्यादा घातली आहे: आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशी पुरी होईपर्यंत. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन, आणि आठवे औषध. औषधाला शास्त्राने व्रताच्या आत जागा दिली. गोळीबरोबर केळे किंवा वाटीभर दूध घेणाऱ्या मधुमेह्याची एकादशी मोडत नाही, हे सांगायला कोणत्याही संशोधनाची गरज नव्हती. ते आपल्याच ग्रंथांत होते.

बहुतेक वर्षी माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाते तो दिवस एकादशीचा असतो. पायी वारीतला लांबचा टप्पा तो. हजारो वारकरी उपवासाने तो घाट चढतात. वाटेवर लोक केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू हातात ठेवतात, आणि वारकरी ते माउलींचा प्रसाद म्हणून घेतो. त्या रांगेत एखादा मधुमेही "मी लो-कार्ब आहे" म्हणून हात मागे घेईल, ही कल्पना मला अस्वस्थ करते. कल्पना तरी कशी म्हणू? परवा काल्याच्या कीर्तनानंतर एका तरुणाने लाह्या-दह्याचा काला परत केला. कारण विचारले तर म्हणाला, "खाण्याची वेळ संपली, आणि लाह्यांत कार्ब्स असतात." चिमूटभर काला! ज्या काल्यात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून जात-पात, उष्टे-माष्टे विसरले, तो काला ग्रॅमवर मोजला गेला. मुलगा वाईट नव्हता. त्याला हे आमच्यातल्याच कोणी तरी शिकवले होते.

कीर्तनकार बंधूंना माझी विनंती एवढीच, की हा दृष्टान्त टाकून द्यावा. आरोग्यावर बोलण्याची फार हौस असेल तर गावच्या डॉक्टरांना सप्ताहात एक दुपार द्यावी, तपासणीचे टेबल मांडावे. आमच्या गावी या वर्षी चोपदारांनी रोज हरिपाठानंतर पुकारा केला की मधुमेहाच्या गोळ्या आणि सुया घेणाऱ्यांनी पहिल्या पंगतीला बसावे, मागच्यांसाठी थांबू नये. पहिल्या दिवशी चौघे संकोचत उठले. तिसऱ्या दिवशी ती पंगत चाळीस पानांची झाली, आणि वाढायला आशाताई होत्या.