बंद दाराआडच्या समित्या

जळगाव जिल्ह्याच्या राजकीय इतिहासातली २३ डिसेंबर २००५ ही तारीख आपण जवळजवळ विसरलो आहोत. त्या दिवशी लोकसभेने आपल्या दहा सदस्यांना सभागृहातून बडतर्फ केले, राज्यसभेने एकाला. लोकसभेतल्या दहांपैकी दोघे आपले होते: एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन. जिल्ह्याला तेव्हा लोकसभेच्या दोनच जागा होत्या आणि त्या दोन्ही एकाच दिवशी रिकाम्या झाल्या. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे चित्रीकरण १२ डिसेंबरला दूरचित्रवाणीवर दाखवले गेले होते. रकमा १५ हजारांपासून १ लाख १० हजारांपर्यंतच्या होत्या. ज्या प्रश्नाच्या बळावर सामान्य माणसाचा प्रतिनिधी मंत्र्याला उभे करतो, तो प्रश्न इतक्या स्वस्तात विकत मिळतो, हे देशाने त्या दिवशी पाहिले. पुढे पोटनिवडणुका झाल्या, नवे खासदार आले, मतदारसंघांच्या पुनर्रचनेत एरंडोलची जागाही गेली. प्रकरण संपले, असे सगळ्यांनी धरले.

ते संपलेले नाही, याची आठवण २०२५ च्या मे महिन्यात धुळ्याने करून दिली. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर आली होती. २१ मे रोजी माजी आमदार अनिल गोटे यांनी गुलमोहर या शासकीय विश्रामगृहातल्या १०२ क्रमांकाच्या खोलीला बाहेरून कुलूप ठोकले आणि ते कार्यकर्त्यांसह दारातच बसून राहिले. समितीच्या सदस्यांना देण्यासाठी आत पैसे ठेवले आहेत, असा त्यांचा आरोप होता. रात्री उशिरा पोलीस आणि महसूलचे अधिकारी यांच्यासमोर कुलूप तोडले गेले. आत १ कोटी ८४ लाखांहून जास्त रोकड निघाली. खोली समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांच्या स्वीय सहायकाच्या नावावर होती. खोतकरांनी या पैशांशी आपला संबंध नसल्याचे सांगितले, सहायक निलंबित झाला, सरकारने विशेष तपास पथक नेमले. पैसा कोणाचा आणि कोणासाठी, हे तपासाने आणि न्यायालयाने ठरवायचे आहे. आमचे म्हणणे त्या निकालावर अवलंबून नाही.

दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. एकदा छुप्या कॅमेऱ्याने काम केले, एकदा बाहेरच्या माणसाने लावलेल्या कुलपाने. सभागृहाच्या स्वतःच्या नियमांनी दोन्ही वेळा काहीही पकडले नाही, कारण ते नियम पकडण्यासाठी केलेलेच नाहीत. समितीची बैठक खाजगीत व्हावी, ही संसदेची रीत आपल्या विधिमंडळानेही चालू ठेवली आहे. अंदाज समितीचे काम काय? सरकारने मंजूर करून घेतलेला पैसा काटकसरीने आणि नीट खर्च होतो का, हे तपासणे. त्यासाठी ती जिल्ह्यात येते, कामांची पाहणी करते, अधिकाऱ्यांना फायली घेऊन बोलावते. म्हणजे ज्या खात्यांची झडती घ्यायची, त्याच खात्यांचे लोक गाड्यांची, खोल्यांची, जेवणाची व्यवस्था बघतात. जळगावच्या मेहरूणमधल्या एखाद्या करदात्याने विचारले की समितीने कोणता रस्ता पाहिला, कार्यकारी अभियंत्याला काय विचारले, त्याने काय उत्तर दिले, सदस्यांच्या मुक्कामाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून झाला, तर सांगणारे कोणी नाही. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत त्याने थांबायचे, आणि जे अहवालात आले नाही ते घडलेच नाही असे मानायचे. जिथे एक उणा शेरा ठेकेदाराला कोट्यवधींत पडू शकतो आणि तो शेरा गळाला तरी कोणाला कळत नाही, तिथे पाकिटाला वाट आपोआप तयार होते.

हितसंबंधांचेही तसेच. समितीवरच्या सदस्याचा त्या विषयात थेट आर्थिक संबंध असेल तर त्यावर हरकत घेता येते, असा लोकसभेचा नियम आहे. पण हरकत घ्यायला आधी संबंध माहीत हवा. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. कंपन्यांतली संचालकपदे, नियंत्रण ठेवणारे भागभांडवल, सशुल्क सल्लागारी अशा बाबी तिच्यात लिहाव्या लागतात. लोकसभेत अशी नोंदवही नाही. आपल्याकडे तर आमदार हा बहुधा शिक्षणसंस्थेचा, सूतगिरणीचा, जिल्हा बँकेचा किंवा दूध संघाचाही कर्ताधर्ता असतो. त्यात गैर काही नाही. सहकारातून नेतृत्व घडणे ही महाराष्ट्राची ताकद आहे. मात्र त्याच संस्थेला अनुदान देणाऱ्या खात्याची तपासणी तो करत असेल, तर ते कागदावर असलेच पाहिजे. निवडणुकीच्या वेळी संपत्तीचे शपथपत्र भरले जाते हे खरे, पण ते पाच वर्षांतून एकदा आणि उमेदवार म्हणून. मधल्या काळातली भागीदारी, नवी कंपनी, नातेवाइकाला मिळालेला ठेका त्यात दिसत नाही.

ब्रिटनमध्ये १९९४ साली नेमके हेच प्रश्नांसाठी पैशांचे प्रकरण गाजले. तिथे नोलन समिती नेमली गेली आणि १९९५ पासून खासदारांच्या वर्तनाची चौकशी करणारा, स्वतः खासदार नसलेला आयुक्त काम करू लागला. हितसंबंधांची नोंदवही तर तिथे सत्तरच्या दशकापासून आहे. आपण याहून जुने आहोत. मुंबईच्या सराफा संघटनेकडून पैसे घेतल्याबद्दल एच. जी. मुदगल यांची चौकशी हंगामी संसदेने १९५१ मध्येच केली आणि पंडित नेहरूंनी त्यात पुढाकार घेतला. १९५१ मध्ये माणूस गेला, २००५ मध्ये अकरा माणसे गेली. प्रश्न कोण देतो, कोणाच्या सांगण्यावरून देतो आणि दिलेला प्रश्न मागे का घेतो, याचा हिशेब ठेवणारा नियम काही आला नाही.

आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा की दार उघडले तर अधिकारी मोकळेपणी बोलणार नाहीत आणि सदस्य कॅमेऱ्यासाठी भाषणे ठोकतील. बंद खोलीत पक्षभेद विसरून काम होते. यात तथ्य आहे, म्हणूनच समितीने अहवाल कसा लिहायचा याची चर्चा खाजगी राहावी. साक्ष मात्र उघड व्हावी. सार्वजनिक बांधकाम किंवा पाणीपुरवठा खात्याच्या खर्चात राष्ट्राचे कोणते गुपित आहे? माहिती अधिकाराच्या वेळीही अधिकारी लेखणी खाली ठेवतील अशी भीती घातली गेली होती. महाराष्ट्राने तो कायदा केंद्राच्या आधी केला आणि कारभार चालूच राहिला.

दुसरा आक्षेप विशेषाधिकाराचा. सभागृहाने आपले नियम आपण करावेत हे मान्यच आहे; संविधानाचे २०८ वे कलम तोच अधिकार देते, आणि आम्ही तोच वापरा म्हणतो आहोत. विशेषाधिकाराने मिळणाऱ्या संरक्षणाच्या मर्यादा आता स्पष्टही झाल्या आहेत. बडतर्फीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केला आणि लाच घेऊन केलेल्या मतदानाला वा भाषणाला संरक्षण नाही, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी सांगितले. तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा: लाचलुचपतीचा कायदा आहेच, नियम कशाला? जळगावकरांना याचे उत्तर पाठ आहे. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराची फिर्याद २००६ ची आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ते ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. अपिलांचा टप्पा त्याच्याही पुढचा. ज्यांच्या नावाने ती योजना होती, त्यांच्या घरातली मुले तेवढ्यात मोठी होऊन भाड्याच्या खोलीत संसार करू लागली. शिक्षा झालीच पाहिजे, पण ती पैसे गेल्यानंतर होते.

धुळ्याच्या घटनेला महिना होतो न होतो तोच, जूनमध्ये, देशभरातल्या अंदाज समित्यांच्या अध्यक्षांची परिषद मुंबईच्या विधानभवनात भरली. संसदेच्या अंदाज समितीला ७५ वर्षे झाल्याचे निमित्त होते. दौऱ्यांचे नियम बदलण्याची त्याहून योग्य जागा आणि वेळ कोणती असणार होती? जे हवे आहे ते फार मोठे नाही. दौऱ्याचा कार्यक्रम आधी जाहीर करावा, मुक्काम-भोजनाचा खर्च विधिमंडळाने स्वतः करून तो महिन्याभरात प्रसिद्ध करावा, साक्षींचे चित्रीकरण लोकांना पाहू द्यावे. मागे घेतलेल्या प्रत्येक तारांकित प्रश्नाची आणि लक्षवेधीची यादी, घेणाऱ्याच्या नावासह, निघावी. हितसंबंधांची नोंदवही विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडे सुरू व्हावी आणि तक्रारींची प्राथमिक चौकशी निवृत्त न्यायाधीशाकडे असावी.

यासाठी संविधानाला हात लावावा लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. नियम समितीसमोर दुरुस्ती मांडली की काम सुरू होते. जळगावचे अकरा आणि धुळ्याचे पाच मिळून सोळा आमदार हिवाळी अधिवेशनाला नागपुरात असतात. ते सत्तेतले असोत वा विरोधातले, दुरुस्तीची सूचना त्यांच्यापैकी कोणीही देऊ शकतो. आणि आपल्या हितसंबंधांची यादी स्वतःहून जाहीर करायला तर अधिवेशनाचीही गरज नाही. हा अंक आम्ही त्या सोळाही जणांना पाठवत आहोत. त्यांची उत्तरे आली की ती जशीच्या तशी छापू.