वैशाखांतील बर्फ

वार्षिक परीक्षा आटोपली कीं आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस हिमालयाचे वेध लागतात. येथें वैशाखाच्या उन्हानें अंगाची लाही होत असतां तिकडे बर्फांतून चालावयास मिळेल, या कल्पनेनेंच ते हरखून जातात. हा उत्साह आम्हांस प्रिय आहे. मुलामुलींनीं उंच पर्वत अवश्य पाहावे. परंतु त्या बर्फाविषयीं चार शब्द सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमचीं मुलें सह्याद्रींत तयार झालेलीं असतात. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तें ५,४०० फुटांचें. कुलू जिल्ह्यांतील सार खिंड, जेथें मे महिन्यांत पुष्कळ तरुण जातात, ती सुमारें १३,८०० फुटांवर आहे. पंचांगांत वसंत सरत आला, तरी तेथें हिवाळ्यांत सांठलेला बर्फ असतोच. रात्रीं तो गोठून कठीण होतो. पहाटें तो माणसाचा भार पेलतो, पण उतारावर पायऱ्या खोदल्यावांचून पाय ठरत नाहीं. ऊन चढलें कीं तोच बर्फ भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततो. ओढ्यावरचा बर्फ तर अधिकच फसवा. वरून तो पुलासारखा भक्कम दिसतो, परंतु खालचें पाणी त्यास पोखरीत असतें. दुपारीं ढग उतरले म्हणजे वाटही दिसेनाशी होते. म्हणून जाणते वाटाडे अंधारांतच निघतात, आणि वेळ टळली तर माघारीं फिरतात.

२०२४ च्या जूनच्या आरंभीं उत्तराखंडांतील सहस्रतालाच्या वाटेवर वाटाड्यांसह २२ जणांचें एक पथक हिमवादळांत सांपडलें. त्यांत बहुतेक कर्नाटकांतील मंडळी होती. त्यांपैकीं ९ जण दगावले. त्यांस दोष देणें आम्हांस शोभणार नाहीं. जून महिन्यांतही पर्वतावर हिवाळा परतूं शकतो, एवढेंच आपण त्यावरून शिकावें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी अशाच एका खिंडीच्या पायथ्यापासून परत आला. हवा बिघडली म्हणून वाटाड्यानें सर्वांस फिरविलें होतें. शाळा उघडतांच सोबत्यांनीं त्याची थट्टा केली. आणि खेदानें सांगतों, आम्हीही हसलों. तो खालीं मान घालून उभा राहिला. जी गोष्ट शहाणपणाची, ती त्या दिवशीं आम्हीं लाजेची ठरविली. पुढल्या खेपेस वेळीं परतण्यास तो कचरेल काय, हा विचार आम्हांस आजही टोंचतो.

पालकांस आमची विनंती आहे. मुलांबरोबर चांगले बूट, लोकरीचे कपडे व काळा चष्मा द्यालच. त्यांसवें परतण्याची मोकळीकही द्या. 'एवढे पैसे भरले, तेव्हां पोहोंचलेंच पाहिजे,' असें त्यांच्या मनांत भरवूं नका. निघण्यापूर्वीं पथकाच्या चालकास विचारा, 'किती वाजतां, कसली हवा असतां तुम्ही माघारीं फिराल?' याचें स्पष्ट उत्तर न मिळाल्यास मूल पाठवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. खिंड पुढल्या वर्षींही तेथेंच असेल.

आणि विद्यार्थ्यांनो, येत्या जूनमध्यें तुमच्यापैकीं कोणी अर्ध्या वाटेवरून परत आला, तर वर्गांत त्यानें आपली हकीकत सर्वांच्या आधीं सांगावी. आम्ही ती मन लावून ऐकूं.