विश्लेषण : नेमबाजीतील ‘वॅडकटर’ गोळी म्हणजे काय? ती घरी का भरली जाते? आणि शिशाचा धोका नेमका कुणाला?

ब्रिटन सरकारने जुलै २०२५ मध्ये शिशाच्या दारूगोळ्यावर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याची घोषणा केली. एक टक्क्यापेक्षा जास्त शिसे असलेले छर्रे आणि तीन टक्क्यांपेक्षा जास्त शिसे असलेल्या मोठ्या गोळ्या यांचा त्यात समावेश आहे. लष्कर आणि पोलिसांना यातून वगळण्यात आले आहे. त्याआधी, १५ फेब्रुवारी २०२३ पासून युरोपीय महासंघात पाणथळ जागांमध्ये आणि त्यांच्या १०० मीटर परिसरात शिशाचे छर्रे वापरण्यास मनाई झाली. हे निर्णय मुख्यतः शिकार आणि पक्ष्यांशी संबंधित असले, तरी त्यामुळे खेळातील एक जुनी गोळी पुन्हा चर्चेत आली आहे. तिचे नाव ‘वॅडकटर’. अमेरिकेत ही गोळी हजारो हौशी नेमबाज घरच्या घरी काडतुसात भरतात. भारतात तसे करणे गंभीर गुन्हा ठरू शकतो. मात्र याच आकाराची छोटी गोळी महाराष्ट्रातील शाळकरी मुलेही रोज हातात घेतात.

वॅडकटर गोळी कशी असते?

बंदुकीची गोळी म्हटले की डोळ्यासमोर टोकदार किंवा गोलसर आकार येतो. वॅडकटर त्याच्या अगदी उलट असते. खडूचा छोटा तुकडा उभा धरावा तसा तिचा आकार. तोंड सपाट आणि कड धारदार. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात ती बहुतेक वेळा पूर्ण आत बसवलेली असते, त्यामुळे काडतुसाचे तोंड सपाट बंद केल्यासारखे दिसते. ही गोळी शुद्ध किंवा मऊ शिशाची असते. पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसासाठी तिचे रूढ वजन १४८ ग्रेन, म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम आहे.

हा आकार कागदासाठी निवडलेला आहे. गोल तोंडाची गोळी कागद फाडत आणि बाजूला ढकलत जाते. ती गेल्यावर कागदाचे तंतू पुन्हा आत येतात आणि छिद्र प्रत्यक्षापेक्षा लहान व वेडेवाकडे दिसते. वॅडकटर मात्र ऑफिसातल्या पंचिंग मशिनसारखी कागदाची गोल चकती कापून काढते.

स्वच्छ छिद्राने गुण कसे वाढतात?

२५ मीटर पिस्तूल प्रकारात अचूकतेच्या फेरीतील लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. नियमानुसार छिद्राची कड वरच्या गुणाच्या रेषेला नुसती स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. पॉइंट ३८ गोळीचा व्यास सुमारे ९ मिलिमीटर आहे. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून २९ मिलिमीटरवर लागला तरी तिची कड २५ मिलिमीटरवरच्या रेषेला गाठते आणि दहा गुण मिळू शकतात. पण त्यासाठी ती कड कागदावर स्पष्ट दिसली पाहिजे. फाटलेल्या छिद्रात वाद होतो. कापलेल्या छिद्रात होत नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ‘सेंटर फायर पिस्तूल’ प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची शस्त्रे चालतात. या प्रकारात पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ मधील काडतूस वॅडकटर गोळीसह आजही वापरले जाते. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, पण भारतासाठी तो नवा नाही. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुणांसह तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती.

आता मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असतात. तिथे गोळी कुठून गेली हे सेन्सर ठरवतात आणि छिद्राचा आकार गौण ठरतो. क्लब आणि सरावाच्या पातळीवर मात्र कागद अजून टिकून आहे.

अमेरिकेतील नेमबाज काडतुसे घरी का भरतात?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारे प्रायमर, बंदुकीची दारू आणि गोळी. यातील पुंगळी हा महागडा भाग. बार झाल्यावर बाकी तीन गोष्टी संपतात, पुंगळी मात्र उरते. वॅडकटरसारख्या सौम्य काडतुसात तिच्यावर ताण कमी येतो, त्यामुळे ती अनेक वेळा वापरता येते. म्हणूनच वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून त्यात नवे प्रायमर, दारू आणि गोळी बसवण्याचा छंद अमेरिकेत मुरला आहे. स्वतःच्या वापरासाठी असे भरण करायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी करायचे असेल तर लागतो.

यामागे पैसा हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. प्रत्येक नळीला थोडी वेगळी गोळी मानवते. स्वतः भरणाऱ्याला आपल्या शस्त्राला जुळणारे मिश्रण शोधता येते. शिवाय धक्का कमी ठेवता येतो. वॅडकटर साधारणपणे सेकंदाला २०० ते २३० मीटर वेगाने जाते, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा बरीच हळू. दोन-तीन तासांच्या सरावात हाताला याचा फरक जाणवतो. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत प्रायमरचा तुटवडा झाला तेव्हा या छंदाची मर्यादाही समोर आली. पुंगळी आणि गोळी घरी जमवता येते, प्रायमर कारखान्यातूनच यावे लागते.

त्यात धोका काय?

पहिला धोका मोकळ्या जागेचा. पॉइंट ३८ स्पेशल हे काडतूस १९ व्या शतकाच्या अखेरीस आले. त्याची पुंगळी काळ्या दारूच्या हिशेबाने लांब आहे. आजची धूररहित दारू कितीतरी कमी लागते, त्यामुळे पुंगळीत बरीच जागा रिकामी राहते. परिणामी चुकून दुप्पट दारू पडली तरी ती ओसंडत नाही आणि पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते. अशा काडतुसाने रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फुटू शकतो.

दुसरा धोका याच्या उलट. दारू पडलीच नाही तर फक्त प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक येतो. घाईत पुढचा बार केला तर नळी फुटण्याची शक्यता असते. वेगवान फेरीत, जिथे तीन सेकंदांत एक बार करायचा असतो, तिथे हा बारीक आवाज ओळखणे सोपे नाही.

तिसरा धोका गोळीच्या रचनेत आहे. अनेक वॅडकटर गोळ्या मागून पोकळ असतात. वायूच्या दाबाने मागची पातळ कड फुगून नळीला घट्ट बसते आणि अचूकता वाढते. पण दाब प्रमाणाबाहेर गेला तर तीच कड तुटून नळीत कड्यासारखी राहू शकते. ‘थोडी जास्त दारू, थोडा जास्त जोर’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

भारतात हे करता येते का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रे किंवा दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना बंधनकारक आहे. या कायद्यातील दारूगोळ्याची व्याख्याही व्यापक आहे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही तीत समावेश होतो. त्यामुळे शस्त्राचा वैयक्तिक परवाना असणे आणि घरी काडतूस भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

या कडकपणामागे कारण आहे. गावठी कट्टे आणि त्यांची काडतुसे हा पोलिसांसमोरचा जुना प्रश्न आहे. प्रामाणिक खेळाडूसाठी उघडलेली वाट बेकायदा कारखान्यालाही उपयोगी पडू शकते. पण याचा भार खेळाडूवर पडतो हेही खरे. त्याला मिळणाऱ्या काडतुसांना वार्षिक मर्यादा असते आणि स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट २२ काडतुसे बहुतांश युरोपातील कंपन्यांकडून येतात. पॉइंट २२ चे काडतूस तर व्यवहारात पुन्हा भरताच येत नाही, कारण त्यातील ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या कडेतच असते.

पॉइंट ३२ चे काडतूस मात्र भारतात सरकारी कारखान्यांत तयार होते. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर याच काडतुसाचे. पुण्याजवळील खडकीचा १८६९ मध्ये सुरू झालेला दारूगोळा कारखाना आपल्या काडतुसांवर ‘केएफ’ ही खूण उमटवतो. हा कारखाना आता ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आहे.

मग महाराष्ट्रातील मुलांशी याचा काय संबंध?

१० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूलसाठी वापरली जाणारी ४.५ मिलिमीटरची गोळीही वॅडकटरच आहे. तिचेही तोंड सपाट असते आणि कारणही तेच : कागदावर स्वच्छ छिद्र. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे छिद्राच्या कडेला किती महत्त्व असेल, याची कल्पना येते.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील विश्वविजेतेपद, राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्ण, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे २०२२ मधील विश्वविजेतेपद आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेचे पॅरिस ऑलिम्पिकमधील कांस्य. या यशानंतर राज्यात छोट्या शहरांतही एअर रेंज उभ्या राहिल्या. एअर रायफलमध्ये दारू नसते, त्यामुळे धूर नसतो. पण गोळी शिशाची असते आणि ती प्रत्येक बारापूर्वी बोटांनी उचलून नळीत ठेवावी लागते. एका सरावात हे साठ-सत्तर वेळा होते. त्याच हाताने डबा उघडला की शिसे तोंडावाटे पोटात जाते.

शिशाचे प्रमाण किती असले की धोका?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो बंद करावा, असे संघटना सांगते. मुलांमध्ये याचा परिणाम बुद्ध्यांक, एकाग्रता आणि शिकण्याच्या क्षमतेवर होतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंडावर. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ही पातळी ओलांडलेली आहे. त्यामागे जुन्या बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्वापर, भेसळयुक्त मसाले, भांडी, रंग अशी कारणे आहेत. नेमबाजीचा वाटा त्यात नगण्य असेल, पण आधीच भरलेल्या पेल्यात तो थेंब पडतो.

दारूच्या शस्त्रांत धोका अधिक. बार होताना उघड्या शिशाचे बूड तापते, नळीत घर्षण होते आणि बहुतेक प्रायमरमध्येही शिशाचे संयुग असते. ही सूक्ष्म धूळ थेट श्वासात जाते. बंदिस्त रेंजवर नियमित सराव करणाऱ्यांच्या आणि तिथे काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसे वाढल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. सर्वाधिक जोखीम नेमबाजापेक्षा रेंज झाडणाऱ्या कर्मचाऱ्याला असू शकते, कारण तो दिवसभर तिथेच असतो आणि कोरडी धूळ तोच उडवतो.

शिशाला पर्याय आहे का?

कथिल आणि जस्ताच्या एअर गोळ्या बाजारात आहेत. त्या हलक्या असतात आणि अव्वल पातळीवर अचूकतेसाठी अजून शिशालाच पसंती आहे. आंतरराष्ट्रीय नियम ‘शिसे किंवा तत्सम मऊ पदार्थ’ असे म्हणतात, म्हणजे दार बंद नाही. मोठ्या काडतुसांत तांब्याचे पूर्ण आवरण असलेल्या गोळ्या आणि शिसेविरहित प्रायमर वापरता येतात. पण सपाट, मऊ शिशाची वॅडकटर इतक्या कमी दाबात जी अचूकता देते, ती स्वस्तात देणारा धातू अद्याप रूढ झालेला नाही.

बंदीची वाट न पाहता करता येण्यासारख्या गोष्टी मात्र साध्या आहेत. सरावानंतर डबा उघडण्याआधी साबणाने हात धुणे. गोळी ओठांत न धरणे. रेंजवर खाणे-पिणे टाळणे. सरावाचे कपडे वेगळे धुणे. रेंज कोरड्या झाडूने न झाडता ओल्या पोच्याने पुसणे. बंदिस्त रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहील अशी व्यवस्था ठेवणे. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगार आरोग्य संस्था यासाठी सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर वेगाची शिफारस करते. नियमित सराव करणाऱ्या मुलांची आणि रेंजवरील कर्मचाऱ्यांची रक्तातील शिशाची तपासणी वर्षातून एकदा तरी करता येईल. पालकांनी प्रवेश घेताना शुल्काबरोबर रेंजवर हात धुण्याची सोय आणि हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा आहे का, हेही विचारावे.