चुकायला जागा हवी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच चकलांब्यातून आणि गेवराई तालुक्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. काही कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, तर दसऱ्यालाच निघालेले असतात. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं. यंदाच्या अंकाचा विषय त्या पोरांसाठी आहे: आभासी जगात इंग्रजी बोलण्याचा सराव.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरं धडे वाचतात, उत्तरं लिहितात. बोलायची वेळ आली की माना खाली जातात. वर्गात हसू होईल ही धास्ती त्यांना गप्प करते. शिवाय गावात इंग्रजीत बोलायचं तरी कुणाशी? अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन माणसांत राहून मराठी बोलू लागल्या आणि पुढे त्यांनी मराठी शिकवणारी पुस्तकंही लिहिली. आपल्या पोरांना इंग्रजीच्या मुलखात असं राहायला मिळणं अवघड आहे.

तो मुलूख पडद्यावर आणता येतो. २००३ साली सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ'मध्ये माणूस स्वतःची प्रतिमा घेऊन दुकानांत, रस्त्यांवर हिंडतो. २००७ पासून तिथं आवाजानं बोलताही येतं. अनेक देशांतल्या भाषाशिक्षकांनी तिथं वर्ग भरवले. पत्ता विचारायचा, सामान मागायचं, दुखणं सांगायचं. काम अडलं की वाक्य जुळवावंच लागतं आणि चुकलं तरी तोंड लपवावं लागत नाही.

मात्र पलीकडे जीव लावून ऐकणारं माणूस हवं. २००९ साली शिक्षणसंशोधक सुगाता मित्रा यांच्या हाकेला ओ देऊन ब्रिटनमधल्या आजीच्या वयाच्या शिक्षिका स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागल्या. गोष्टी सांगायच्या आणि पोरांचं तोंडभर कौतुक करायचं, एवढंच त्यांचं काम. पुढे सुगाता मित्रा यांच्या उपक्रमाचं एक केंद्र फलटणलाही उभं राहिलं. आपल्या मराठवाड्यात गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं इंटरनेटच्या आधारानं जपानी बोलू लागली. मग इंग्रजी आपल्याला का जमू नये?

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहं चालतात. तिथं रोज संध्याकाळी एक तास बोलण्यासाठी राखून ठेवावा, ही आमची मागणी आहे. महागडं यंत्र नसलं तरी एक चांगला मोबाइल, नेट आणि शेजारी बसलेले गुरुजी किंवा बाई एवढ्यावर सुरुवात होईल. आभासी जगात अनोळखी माणसंही भेटतात, म्हणून लहान मुलांना तिथं एकटं सोडू नये. घरची मराठी पक्की असू द्यावी. तिच्यात विचार करणारं पोर दुसरी भाषाही धीटपणे बोलतं.

चकलांब्याचं पोर उद्या मुलाखतीला बसेल, तेव्हा ज्ञान असूनही बोलता येत नाही म्हणून ते मागे पडू नये. त्यासाठी गावानं, शाळेनं आणि ग्रामपंचायतीनं या हंगामातच कामाला लागावं.