विश्लेषण : देवमाशाला बंदीने वाचवले, चंडोलाला कोण वाचवणार?

निळा देवमासा हा पृथ्वीवरील सर्वात मोठा प्राणी, तर चंडोल हा माळरानावर वावरणारा चिमणीएवढा गाणारा पक्षी. या दोघांची तुलना केली तर निसर्गरक्षणातील एक मोठी उणीव लक्षात येते.

फरक किती मोठा?

निळा देवमासा ३० मीटरपर्यंत लांब आणि सुमारे १५० टन वजनाचा असू शकतो. चंडोलाचे वजन सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे एका देवमाशाच्या वजनात ५० लाख चंडोल बसतील. देवमासा क्रिल या कोळंबीसारख्या जिवांवर जगतो, चंडोल बिया आणि किड्यांवर. चंडोल आकाशात उंच जाऊन गातो, पण घरटे मात्र जमिनीवर, गवताच्या आडोशाला करतो.

देवमासा कसा वाचला?

विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. मात्र त्यांचा शत्रू स्पष्ट दिसत होता : शिकारी जहाजे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९६६ मध्ये शिकारीवर बंदी घातली. त्यानंतरही सोव्हिएत जहाजांनी काही वर्षे चोरून शिकार केली, पुढे तीही थांबली. ही प्रजाती आजही संकटग्रस्त आहे, पण नामशेष झाली नाही.

चंडोलाचा शत्रू कोण?

ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून चंडोलांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. मुख्य कारण पेरणीचा बदललेला हंगाम. गहू वसंताऐवजी शरदातच पेरला जाऊ लागल्याने विणीच्या काळात पीक उंच आणि दाट होते, घरट्याला जागाच उरत नाही. यात कोणी गोळी झाडली नाही, कोणता कायदाही मोडला नाही.

महाराष्ट्रात काय?

इथे माळरानाची गणना सरकारी नकाशात ‘पडीक’ जमिनीत होते. म्हणून तिथे नांगर फिरतो, प्लॉट पडतात किंवा ‘हिरवाई’च्या हौसेने झाडे लावली जातात. झाडी वाढली की उघड्या गवतातला चंडोल हद्दपार होतो.

उपाय कोणता?

मारणारा दिसतो तिथे बंदी पुरते. जिथे अधिवासच गुपचूप नाहीसा होतो, तिथे जमिनीकडे पाहण्याची नजर बदलावी लागते. सुरुवात कागदावरून करता येईल : गवताळ माळ ‘पडीक’ यादीतून काढावा आणि वृक्षलागवडीच्या उद्दिष्टातूनही वगळावा.