यंत्रात न दिसणारी अडचण

मेहकर तालुक्यातील एक परिचित शेतकरी चौथीतील मुलाला घेऊन अकोल्यास गेले होते. मुलगा तोंडी हिशेबात तल्लख. पुस्तक उघडले की मात्र अडखळणारा. तेथे कुणीतरी मेंदूचा एमआरआय सुचविला. सोयाबीनच्या पैशांतून तो झाला. अहवालात ‘दोष नाही’ असा निर्वाळा आला आणि त्यानेच घात केला. मेंदू ठीक, म्हणजे पोरगे आळशी! घरी गेल्यावर त्याला मार बसला.

पित्याला काय दोष द्यावा? साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवितो. गाठ, इजा, रक्तस्राव शोधण्यास तो उपयोगी. वाचनाची अक्षमता त्यात दिसत नाही. फंक्शनल एमआरआयने अशा मुलांत डाव्या गोलार्धातील वाचनाशी निगडित भाग कमी सक्रिय आढळले आहेत, हे खरे. परंतु ते मुलांच्या गटांच्या सरासरीवरून. एकट्या मुलाचे निदान त्यावरून करता येत नाही. त्याच संशोधनातील आशेची गोष्ट मात्र आमच्यापर्यंत पोचतच नाही. येल विद्यापीठातील शेविट्झ दांपत्य व सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले की, ध्वनी व अक्षर यांची सांगड घालणारी शिकवणी आठ महिने, रोज ५० मिनिटे दिल्यावर मुलांचे वाचन सुधारले आणि मेंदूच्या त्या भागांतील सक्रियताही वाढली. म्हणजे यंत्राने केवळ नोंद घेतली. काम केले ते शिक्षकांनी.

आणि ते काम ज्याच्या त्याच्या भाषेतच व्हावयास हवे. ‘कि’मधील वेलांटी कागदावर क-च्या आधी येते, उच्चारात नंतर. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’ या चार शब्दांत एकच र चार रूपे घेतो. इंग्रजी चाचणीला या अडचणी कशा कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. तिला चुंबक लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित माणूस.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेतील सवलती तर त्याही आधीपासून आहेत. पण लोणार-संग्रामपूरच्या पालकाला हे सांगायचे कोणी? शाळेच्या पालकसभेत, आपल्या वस्तीच्या अभ्यासिकेत हा विषय किती वेळा निघतो?

परवा ते शेतकरी पुन्हा भेटले. नागपूरला याहून मोठे यंत्र आहे का, असे विचारीत होते. मी म्हटले, “भाऊ, आधी गुरुजींकडे जाऊ. मीही येतो.”